घरातल्या मोठ्यांना विचारा

पत्रात निळी ओळ होती, ओळीखाली रेघ होती, आणि ओळीवर बाण नेला की बाणाचा इवलासा हात होत होता. म्हणजे सगळं जिथल्या तिथे होतं. फक्त दाबल्यावर काही उघडत नव्हतं.

आत्याने एकदा दाबलं, दोनदा दाबलं. मग माऊस उलटा करून त्याच्या पोटावर फुंकर मारली आणि साच्यात मेण दाबावं तसं अंगठ्याने जोर लावून दाबलं. कॉम्प्युटर ढिम्म. शेवटी तो बंद करून परत चालू केला, कारण घरात कोणाचंही यंत्र बिघडलं की टिल्लू फोनवरून पहिलं हेच सांगत असे. कॉम्प्युटर ताजातवाना होऊन परत आला आणि पुन्हा ढिम्म बसला.

आत्या म्हणजे दादांची धाकटी बहीण. तिने लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारणारे आधी थकले आणि मग वारलेही. उभा जन्म तिने दातांच्या प्रयोगशाळेत काढला. डॉक्टर जबड्याचा ठसा पाठवायचे, त्यावरून ही प्लास्टरचा साचा करायची, साच्यावर मेण चढवायची, मेणात एकेक दात रोवायची आणि त्याची कवळी करायची. या शहरात जे म्हातारे आज सफरचंदाचा लचका तोडतात, त्यातल्या निम्म्यांचं हसू हिच्या हातचं. मग प्रयोगशाळेने दात छापणारं यंत्र आणलं आणि आत्याला फुलांचा गुच्छ देऊन घरी पाठवलं. तेव्हापासून ती दादांकडे राहत होती आणि दादा तिला सकाळ-संध्याकाळ एकच सांगत होते, "आता आराम कर." आराम करून करून तिची पाठ धरली होती.

घरात कोणालाही न सांगता तिने एका तंत्रशाळेत अर्ज केला होता. तिथल्या मुलांना हाताने कवळी करायला शिकवायचं, आठवड्यातून तीन दिवस. यंत्राने छापलेली कवळी टोचायला लागली की ती घासून नीट बसवायला हातच लागतो, आणि असे हात आता उरलेत कुठे? तंत्रशाळेचं उत्तर आठवड्यापूर्वीच आलं होतं, पण ते नको असलेल्या पत्रांच्या ढिगात, केस वाढवायच्या तेलाच्या जाहिरातीखाली पडलं होतं. आज दुपारी सापडलं. तुमची निवड झाली आहे. मान्य असल्यास आज पाच वाजेपर्यंत खालील लिंकवर जाऊन कळवा, नाहीतर जागा पुढच्या उमेदवाराला जाईल.

आत्याने पहिल्यांदा तंत्रशाळेलाच फोन लावला. तिचा फोन बटणांचा होता. वर्षानुवर्षं कवळ्या घासून तिच्या बोटांची टोकं इतकी गुळगुळीत झाली होती की काचेचे फोन तिचं बोट ओळखतच नसत.

"मी येते असं समजा," ती तिथल्या बाईंना म्हणाली. "तोंडी सांगतेय. लिहून घ्या."

"मॅडम, आमच्याकडे हाताने काही होत नाही. लिंकवरूनच करावं लागतं."

"ती उघडत नाहीये. मी रिक्षा करून येते हवं तर."

"आलात तरी मी तुम्हाला हीच लिंक दाखवणार. आणि पाचनंतर आपोआप पुढच्यांना जातं. माझ्या हातात काही नाही."

हल्ली कोणाच्याच हातात काही नसतं. आत्याच्या हातात मात्र आख्खा जन्म काही ना काही होतं, म्हणून ती अशा वाक्यांवर भडकते. आत्ता भडकायला वेळ नव्हता. तिने टिल्लूला फोन लावला.

टिल्लू म्हणजे दादांचा मुलगा. नाव टिल्लू, उंची दाराच्या चौकटीएवढी, नोकरी दुसऱ्या शहरात. वर्षातून दोनदा येतो आणि आला की कॉम्प्युटर उघडून त्यात काहीतरी करून जातो.

"लिंक उघडत नाही? डिफॉल्ट ब्राउझर बघ," तो म्हणाला.

"मराठीत बोल."

"अगं, लिंक दाबली की कॉम्प्युटर कोणाला तरी हाक मारतो, की बाबा हे पान उघड. तो ज्याला हाक मारतो तो डिफॉल्ट ब्राउझर. तुझ्याकडे तिथे जुन्याचंच नाव राहिलं असणार. तो तर मी मागच्या वेळी काढून टाकला."

"म्हणजे घर सोडून गेलेल्या माणसाला हा इतके दिवस हाका मारतोय?"

"अगदी बरोबर."

"आणि तू जाताना सांगितलं नाहीस."

"मला वाटलं आपोआप बदलेल."

मग टिल्लू सांगत गेला आणि आत्या करत गेली. सेटिंग उघड, त्यात अॅप्स, त्यात डिफॉल्ट अॅप्स, खाली ये, अजून खाली, वेब ब्राउझर. तिथे खरंच एक रिकामा चौकोन होता. आत्याने त्यावर दाबलं, नव्या ब्राउझरचं नाव निवडलं आणि पत्राकडे परत आली. निळी ओळ दाबली. खिडकी उघडली. आत्याचा जीव भांड्यात पडला आणि लगेच बाहेरही आला.

खिडकीत एक अस्वल होतं. एका पंजात फुगा, दुसऱ्या पंजाचं बोट ओठांवर. खाली मोठ्या गोलगोल अक्षरांत लिहिलं होतं: अरेरे! हे पान उघडण्यासाठी घरातल्या मोठ्यांना विचारा.

आत्याने ते फोनवर वाचून दाखवलं. 

"आत्या, तू रागावू नकोस हं," टिल्लू म्हणाला.

"ते मी ठरवीन. हे अस्वल कोणाचं?"

"ते सुरक्षिततेसाठी आहे. ती पार्सलची भानगड झाली होती ना, त्यानंतर मी लावलं. तुझं खातं लहान मुलाचं केलं. म्हणजे अनोळखी पान उघडायचं तर पालकांची परवानगी लागते."

पार्सलची भानगड अशी, की कधीच न मागवलेल्या पार्सलचं पत्र आलं होतं, त्यातली लिंक दाबली गेली आणि पुढे पंधरवडाभर कॉम्प्युटर रात्री-अपरात्री भोंग्यासारखा ओरडत होता.

"ती लिंक कोणी दाबली होती रे?" आत्याने शांतपणे विचारलं.

"बाबांनी."

"आणि कुलूप कोणाला लावलंस?"

"अगं, बाबांना लहान मूल कसं करणार? ते बाबा आहेत."

"आणि मला करता आलं."

"कोणीतरी एक पालक लागतो गं त्यात! मला वाटलं, तू कुठे लिंका उघडतेस. तुला कळणारही नाही." इथे त्यालाच आपलं वाक्य ऐकू आलं असावं, कारण तो घाईघाईने पुढे गेला. "जन्मसाल विचारत होतं, मी अंदाजाने टाकलं. नऊ वर्षांची आहेस तू त्यात."

"नऊ."

"आता दहा झाली असशील."

आत्याने फोन कानापासून दूर धरला, त्याच्याकडे बघितलं आणि परत कानाला लावला. तिला सपाटून राग आला होता. या पोराला तिने कडेवर घेऊन जेवण भरवलं होतं, पहिला दात पडला तेव्हा तो चिमटीत धरून त्याला दाढ आणि सुळा यातला फरक शिकवला होता. तिने विचारलं, "मग आता हे उघडायचं कसं? शेजारी जाऊन उघडू?"

"खातंच लहान मुलाचं आहे. कुठल्याही कॉम्प्युटरवर गेलीस तरी अस्वल येणार. सोपं सांगू? तिथे 'विचारा' असं बटण आहे. ते दाबलंस की बाबांच्या फोनवर विनंती जाते. ते 'हो' म्हणतील की झालं. पासवर्ड त्यांच्याकडे आहे, मला इथून काही करता येत नाही. आणि आत्या, माझी मीटिंग आहे."

आत्याने 'विचारा' दाबलं आणि ती बाहेरच्या खोलीत आली. दादा खिडकीपाशी आरामखुर्चीत बसले होते. दादा म्हणजे निवृत्त स्टेशनमास्तर. गाड्यांना सिग्नल देण्यात जन्म गेला, त्यामुळे आपण हात वर केल्याशिवाय जगात काही हलू नये असं त्यांना मनापासून वाटे. माणूस मात्र लाख. आईवडील गेल्यावर आत्याला त्यांनी एका शब्दानेही परकं वाटू दिलं नव्हतं, आणि म्हणूनच त्यांच्याशी भांडणं फार कठीण होतं. शेजारी वहिनी वाटाणे सोलत बसल्या होत्या.

"दादा, फोन बघ तुझा," आत्या म्हणाली. "त्यात माझी विनंती आली असेल. लहान मुलाची."

दादांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. "हे होय! 'तुमचे मूल परवानगीची वाट पाहत आहे.' असलं अधूनमधून येतं. मी म्हटलं शाळेची जाहिरात असेल, पुसून टाकत होतो. हे तुझं होतं?"

"माझं होतं."

आत्याला आठवलं, मध्ये एका जुन्या मैत्रिणीने नातवाचे फोटो पाठवले होते, ते उघडेनात; तेव्हा अस्वल नव्हतं, 'विनंती पाठवली' अशी बारीक ओळ तेवढी येऊन जायची. तिने समजूत करून घेतली होती की आपल्यालाच जमत नाही.

दादा खूश झाले. आपल्या एका बोटाने कोणाचं काही अडलंय, हे ऐकून ते नेहमीच खूश होत. "एवढंच ना? लगेच देतो परवानगी." मग त्यांनी डोळे बारीक केले. "ही तंत्रशाळा कसली?"

आत्याने सांगितलं. एका दमात सांगितलं, कारण मध्ये श्वास घेतला असता तर दादा आत शिरले असते. ऐकून झाल्यावर दादांनी फोन मांडीवर ठेवला.

"बस जरा. बोलू आपण."

"पाचला जागा जाईल दादा. बोलायचं नंतर."

"अगं, या वयात? दोन बस बदलून जाणार? तो प्लास्टरचा धुरळा परत नाकातोंडात? काय कमी आहे इथे तुला? आणि लोक काय म्हणतील? भाऊ घरी बसला आणि म्हाताऱ्या बहिणीला कामाला धाडली."

"लोकांना सांग, नऊ वर्षांची आहे, शाळेत जाते."

वहिनींना हसू फुटलं आणि एक वाटाणा टुणकन उडून कपाटाखाली गेला. दादांना ते हसू झोंबलं. त्यांनी फोन उचलला.

"ठीक आहे. हट्टच असेल तर देतो. मी काय कधी नाही म्हणालोय तुला? पण एकच वर्ष. आणि अंधाराच्या आत घरी." त्यांचा अंगठा त्या हिरव्या बटणावर गेला.

"थांब," आत्या म्हणाली.

"आता काय?"

"परवानगी नको मला."

"अगं, तूच तर मागायला आलीस!"

"यंत्राने मागितली. मी नाही. मला परवानगी नको, माझं वय दुरुस्त कर. त्या खात्यात मी नऊ वर्षांची आहे आणि तू माझा पालक आहेस. ते काढ."

"ते करू की सावकाश. टिल्लू आला की बघेल. आधी हे दाबतो, पाच वाजायला आलेत."

"वाजू देत."

वहिनींनी वाटाण्याचं ताट खाली ठेवलं. "वन्सं, असं काय करता? आधी नोकरी घ्या पदरात. मग खुशाल भांडा, मी येते तुमच्या बाजूने."

बोलणं शहाण्याचं होतं, आणि आत्याला ते पटलंही होतं. ती मनातून चांगलीच घाबरली होती. पाच वाजून गेले की संपलं. मग याच खोलीत, याच खिडकीशी, वाटाण्याचे दिवस आणि शेंगांचे दिवस मोजत बसायचं. पण तिला पुढचंही दिसत होतं. आज ही लिंक, उद्या वेळापत्रकाची, परवा कुठल्या मुलाने पाठवलेल्या कामाची. दर वेळी अस्वल, दर वेळी दादांचा अंगठा. आणि दादा कधी रुसलेले असतील, कधी झोपलेले असतील.

"तुला नोकरी हवी आहे की नको?" दादांचा आवाज चढला.

"हवी आहे. इतकी हवी आहे की दुपारपासून घोटभर पाणी उतरलं नाही घशाखाली. पण तू दिलीस म्हणून नको. मी मिळवली आहे ती. तू दिलेली वस्तू तू एका वर्षाने परत मागशील, आत्ताच म्हणालास. माझी वस्तू कोण मागणार?"

"मी तुझं कधी वाईट चिंतलं?"

"कधीच नाही. ऊठ आता."

दादा उठले. नाराजीने उठले, पाय आपटत आतल्या खोलीत गेले, कॉम्प्युटरसमोर बसले. पण बसले. आत्या त्यांच्या खांद्यामागे उभी राहिली. पासवर्ड एकदा चुकला, दुसऱ्यांदा लागला. एक पान उघडलं, त्यावर घराचं चित्र, चित्रात छपराखाली हसरे चेहरे. दादांनी आत्याचं नाव दाबलं. वाढदिवस, महिना, साल. जुनं साल पुसून दादांनी नवं टाकलं आणि थांबले.

आत्या वाकून बघत म्हणाली, "दादा, या साली तुझासुद्धा जन्म झाला नव्हता. हे टाकलंस तर मी तुझी थोरली बहीण होते."

दादांनी ते पुसलं. दुसरं टाकायला बोट उचललं आणि ते बोट तसंच वर राहिलं.

"तुझं साल..." ते म्हणाले.

"माहीत नाही तुला."

 या वयात, या वयात, असं दादांनी तिला इतक्यांदा ऐकवलं होतं, आणि वय कुठलं ते त्यांना ठाऊक नव्हतं. आत्याने साल सांगितलं. दादांनी ते टाकलं आणि मग सवयीने बोटांवर हिशेब केला.

"म्हणजे तू एवढीच आहेस?" ते हळूच म्हणाले.

"एवढीच."

पडद्यावर नवी सूचना आली. हे खाते प्रौढ व्यक्तीचे आहे. यापुढे देखरेख ठेवायची असल्यास त्या व्यक्तीची संमती आवश्यक आहे. खाली होय आणि नाही. दादांनी ते वाचलं, माऊसवरचा हात काढला आणि खुर्ची मागे सारून बाजूला सरकले. कोणी सांगितलं नव्हतं त्यांना. आत्या उभ्याउभ्याच वाकली आणि तिने नाही दाबलं.

मग तिने पत्र उघडलं आणि निळी ओळ दाबली. पांढरं पान आलं. त्यावर एक चाक गरगरत राहिलं. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या आणि दादा चक्क पुटपुटत होते, "चल, चल, चल," उशीर झालेल्या गाडीला म्हणावं तसं. चाक थांबलं. आत्याचं संपूर्ण नाव आलं, त्याखाली पदाचं नाव, त्याखाली एक बटण. तिने ते दाबलं. अभिनंदन, आपली स्वीकृती मिळाली.

आत्या मटकन पलंगावर बसली. तिला रडू येत होतं आणि ते तिने येऊ दिलं. वहिनींनी पाणी आणून दिलं. तांब्याभर पाणी तिने एका दमात संपवलं.

दादा अजून खुर्चीतच होते. "मला आधी विचारलं असतंस तर मी नाही म्हणालो नसतो," ते म्हणाले. रागाने नाही, दुखावल्यासारखे म्हणाले.

"माहीत आहे दादा. म्हणूनच नाही विचारलं."

 दादांनी तंत्रशाळेचं पान बाजूला केलं तर मागे ते घराचं चित्र अजून उघडंच होतं. ते बंद करायला त्यांनी हात पुढे केला.

"थांबा हो," वहिनी म्हणाल्या. त्या पदराला हात पुसत पुढे आल्या आणि पडद्याला नाक लावून वाचू लागल्या. "पालक, त्याखाली तुमचं नाव. मुलं. वन्संचं गेलं ना आता? मग हे खाली कोणाचं उरलंय?"

दादांनी मान खाली घातली.

"हे माझं नाव आहे," वहिनी म्हणाल्या.

"टिल्लूने केलं असेल. सगळ्यांचंच करून टाकलं असेल. तू कुठे वापरतेस कॉम्प्युटर?"

"किती वर्षांची आहे मी?"

दादांनी दाबून बघितलं. "सहा."

"सहा! वन्संपेक्षा धाकटी! आणि संसार कोणी केला मग इतकी वर्षं?" वहिनींनी बाजूचा स्टूल पायाने पुढे ओढला आणि दादांच्या शेजारी ठाण मांडून बसल्या. "उठायचं नाही. टाका माझं साल."

दादांची बोटं आकड्यांवर जाऊन थबकली.

"टाका की."

दादांनी मान वळवून मोठ्या आशेने आत्याकडे पाहिलं. आत्याला ते साल पाठ होतं. तिने रिकामा तांब्या उचलला आणि एक अक्षर न बोलता स्वयंपाकघरात निघून गेली.